लेकीचे व्हिडिओ चोरीला गेले तेव्हा: एका केसची पूर्ण हकीकत

ही केस लिहायला मुलीच्या आईने परवानगी दिलीय. नावं, चॅनलचं नाव, ओळख पटेल असं जे जे होतं ते सगळं काढून टाकलंय. मी छोट्या चॅनलवाल्यांची कॉपीराइटची कामं बघते, म्हणजे कोणाचे व्हिडिओ कोणी उचलले की पुरावे जमवणं, नोटिसा पाठवणं, पाठपुरावा करत राहणं. त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक लोक "माझा कंटेंट चोरला आणि व्ह्यूज तो खातोय" ही तक्रार घेऊनच येतात, या आईचा पहिला मेसेजही अगदी तसाच होता. पण लहान मुलांचा व्हिडिओ चोरीला गेला की तो फक्त मालकी हक्काचा प्रश्न राहत नाही. तो तेवढाच आहे असं समजून घाईघाईत समोर दिसेल तो फॉर्म भरून टाकला तर ज्याच्यासाठी ही सगळी धडपड चाललीय त्या लेकराचीच माहिती चोराच्या हातात जाऊ शकते. या केसमध्ये ते फार जवळून दिसलं म्हणून सविस्तर लिहितेय.

मुलगी नऊ वर्षांची. आईने यूट्यूबवर एक छोटं चॅनल काढलेलं, बघणारे म्हणजे नातेवाईक, मैत्रिणी, क्लासमधल्या मुली आणि त्यांचे आईवडील. कागदाच्या वस्तू बनवणं, गोष्ट वाचून दाखवणं, आणि जिम्नॅस्टिक्सचा सराव. पैसे कमवायचा काही विचार नव्हता, पोरगी हौसेने करायची आणि आजी-आजोबा लांब राहतात त्यांना बघता यावं एवढंच. एक दिवस आत्याने लिंक पाठवली, खाली लिहिलेलं, "वहिनी, ही आपलीच आहे ना? पण चॅनल कोणाचं आहे हे?"

आई आधी तर खूश झाली होती, तिने ते मला मोकळेपणाने सांगितलं. लेकीचा व्हिडिओ कुणालातरी इतका आवडला की त्याने शेअर केला, असं वाटलं. मग व्ह्यूज बघितले, तिच्या चॅनलवर त्या व्हिडिओला जेवढे होते त्याच्या कितीतरी पट त्या अनोळखी चॅनलवर.

आम्ही आधी नुसतं शोधत बसलो. तक्रार नाही, कमेंट नाही, काही नाही. शोधायची पद्धत सोपी आहे पण वेळखाऊ आहे. मूळ व्हिडिओमधल्या ज्या फ्रेममध्ये काहीतरी वेगळं दिसतंय, म्हणजे भिंतीवरचं चित्र, मॅटचा रंग, तिचा ठरावीक ड्रेस, अशा फ्रेमचे स्क्रीनशॉट काढायचे आणि गुगल लेन्स, टिनआय अशा चित्रावरून शोध घेणाऱ्या ठिकाणी टाकून बघायचे. नुसत्या चेहऱ्याने शोधण्यापेक्षा हे चांगलं चालतं. व्हिडिओची फ्रेम डावी-उजवी उलटी करूनही शोधायची, कारण चोरणारे पहिली गोष्ट हीच करतात. व्हिडिओ उलटा करतात, थोडा झूम करतात, वेग किंचित वाढवतात, बाजूने फ्रेम लावतात, जेणेकरून आपोआप मॅच शोधणाऱ्या सिस्टीमला तो वेगळा वाटावा.

सापडलं ते तीन प्रकारचं होतं आणि पुढचं सगळं याच तीन प्रकारांवर अवलंबून होतं, म्हणून नीट सांगते.

पहिला प्रकार म्हणजे यूट्यूबवरच दुसऱ्या चॅनलने जसेच्या तसे टाकलेले व्हिडिओ. कागदाच्या वस्तूंचेही होते, सरावाचेही होते, त्या चॅनलवर अशा बऱ्याच वेगवेगळ्या मुलांचे व्हिडिओ होते, सगळे कुठून कुठून उचललेले. दुसरा प्रकार, काही अनोळखी वेबसाईट, ज्यांवर हिचे व्हिडिओ दिसत होते. आणि तिसरा प्रकार, एका दुसऱ्याच व्हिडिओ साईटवर केलेला एक लांबलचक संकलित व्हिडिओ, त्यात फक्त जिम्नॅस्टिक्स, फक्त मुली, पाच-सहा वेगवेगळ्या घरांतल्या. आमच्या मुलीचे त्यात दोन तुकडे. थंबनेल म्हणून कुठली फ्रेम निवडली होती ते मी वर्णन करणार नाही, एवढंच सांगते की मूळ व्हिडिओत ती फ्रेम डोळ्यांना जाणवतही नाही, अर्ध्या सेकंदाची आहे, कुणीतरी मुद्दाम थांबून थांबून शोधल्याशिवाय ती सापडत नाही.

त्या व्हिडिओखाली कमेंट्स होत्या. शब्द फार कमी, बहुतेक नुसते आकडे. २:१४. ५:४०. ५:४१. आईने मला विचारलं, "हे नुसते आकडे काय लिहिलेत लोकांनी?" त्या साईटवर कमेंटमध्ये असा वेळ लिहिला की त्याची लिंक होते, दाबलं की व्हिडिओ बरोबर त्या क्षणावर जातो. मी तिला ते सांगितलं. फोनवर बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की मला व्ह्यूज वगैरे काही नको, हे आधी काढ.

हा प्रकार नवा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये यूट्यूबवर नेमक्या याच गोष्टीवरून मोठा गदारोळ झाला होता, मुलांच्या अगदी साध्या व्हिडिओंखाली अशा वेळा लिहिलेल्या कमेंट्स सापडल्या, नेस्ले आणि डिस्नीसारख्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या, आणि मग यूट्यूबने लहान मुलं दिसणाऱ्या कोट्यवधी व्हिडिओंवरच्या कमेंट्स बंद करून टाकल्या. तेव्हाही व्हिडिओंमध्ये वावगं काही नव्हतं. पोहणं, व्यायाम, खेळ. वाईट होती ती बघणाऱ्याची नजर आणि ते तुकडे निवडून एकत्र करणं. ज्यांना वाटतं की "आमच्या व्हिडिओत काय आहे एवढं, कोण कशाला चोरेल" त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्या, साधा व्हिडिओच चोरला जातो, कारण तो कुठल्याही फिल्टरमधून निघून जातो.

आधी पुरावा

तक्रार केली की समोरचा व्हिडिओ उडवतो, नाव बदलतो आणि आठवड्याभराने दुसरीकडे चढवतो, त्यामुळे आधी पुरावा घेणं गरजेचं होतं. प्रत्येक व्हिडिओची पूर्ण लिंक, अपलोडची तारीख, चॅनलचं नाव आणि त्याच्याबरोबर चॅनलचा आयडी. चॅनलचं नाव आणि हँडल कधीही बदलता येतं, यूट्यूबवर जो यूसी या दोन अक्षरांनी सुरू होणारा लांब आयडी असतो तो बदलत नाही, आणि पुढे हाच उपयोगी पडला. पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट, त्यात तारीख-वेळ दिसेल असे. आईकडच्या मूळ फाईल्स, म्हणजे फोनमधून निघालेल्या कच्च्या फाईल्स, एडिट न केलेल्या, कारण त्यात रेकॉर्डिंगची तारीख असते आणि सुरुवात-शेवटचा तो भाग असतो जो चोराकडे असूच शकत नाही.

इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगायचीय. आमच्या केसमध्ये व्हिडिओचा मजकूर साधा होता, म्हणून स्क्रीनशॉट घेणं ठीक होतं, तेही कमेंट्सचे घेताना मुलीचा भाग कापून घेतले. पण समजा कुठे मुलाचं लैंगिक शोषण दाखवणारं किंवा तसं एआयने बनवलेलं काही सापडलं, तर ते डाउनलोड करायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचा नाही, कुणाला फॉरवर्ड करायचं नाही, "बघ रे हे काय आहे" म्हणून भावालासुद्धा नाही. बऱ्याच देशांत ते जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फक्त लिंक कॉपी करायची आणि पोलीस किंवा आपल्या देशातल्या हॉटलाइनला द्यायची. इनहोप नावाचं अशा हॉटलाइन्सचं जगभर जाळं आहे, १९९९ पासून, तिथे नाव न सांगता लिंक देता येते.

आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर "या लिंकवर जाऊन सगळे रिपोर्ट मारा" असा मेसेज आई टाकणार होती तोही मी थांबवला. पन्नास माणसं तो व्हिडिओ उघडणार, काही जण शेवटपर्यंत बघणार, साईटला वाटणार व्हिडिओ जोरात चाललाय, अजून दाखवूया. शंभर रिपोर्टपेक्षा योग्य ठिकाणी गेलेला एक रिपोर्ट जास्त काम करतो.

दार कुठलं

या केसचा गाभा हाच आहे. मोठ्या साईट्सवर साधारण तीन वेगळे मार्ग असतात: कॉपीराइट, प्रायव्हसी आणि बालसुरक्षा. तिन्हींचे फॉर्म वेगळे, बघणारी माणसं वेगळी, आणि समोरच्याला काय कळवलं जातं तेही वेगळं.

कॉपीराइटचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. अमेरिकेतला डीएमसीए हा १९९८ चा, ऑनलाइन कॉपीराइटचा कायदा आहे, बहुतेक मोठ्या साईट्स तिथल्या असल्यामुळे जगात कुठूनही तक्रार केली तरी फॉर्म त्याच धर्तीवर असतो. कॉपीराइट मिळवायला कुठे नोंदणी लागत नाही, बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे व्हिडिओ शूट केला त्या क्षणी हक्क तयार होतो. फॉर्म नीट भरला तर हा मार्ग वेगाने चालतो.

पण त्या फॉर्ममध्ये पूर्ण नाव, पत्ता, फोन, ईमेल लागतो. यूट्यूबवर हक्क असणाऱ्याचं नाव काढलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसू शकतं, आणि संपर्काची माहिती अपलोड करणाऱ्यापर्यंत जाऊ शकते. गुगल सर्चमधून लिंक काढायची कॉपीराइट नोटीस दिली तर तिची प्रत ल्युमेन नावाच्या संशोधनासाठीच्या डेटाबेसमध्ये जाते, तो हार्वर्डमध्ये चालतो. एखाद्या गाण्याच्या कंपनीला याने काही फरक पडत नाही. पण इथे आईने चॅनलवर आडनाव कुठेही टाकलेलं नव्हतं, मुलीला लाडाच्या नावानेच हाक मारलेली होती, इतकी काळजी घेतलेली, आणि आता ती स्वतःच्या हाताने आडनाव त्या माणसाला देणार होती ज्याच्या व्हिडिओखाली ते आकडे लिहिलेले होते. म्हणजे चोर पकडायला जाताना घराची किल्ली त्याच्याच हातात देण्यासारखं झालं असतं.

म्हणून आम्ही मार्ग वाटून घेतले. संकलित व्हिडिओला कॉपीराइटने हातच लावायचा नाही. तिथे फक्त बालसुरक्षेचा रिपोर्ट. मोठ्या साईट्सवर अशा रिपोर्टमध्ये तक्रार कोणी केली हे समोरच्याला सांगत नाहीत. रिपोर्ट लिहिताना "माझा व्हिडिओ चोरला" हे वाक्य मुद्दाम टाळलं, कारण ते वाचून तिथला माणूस "मग कॉपीराइटचा फॉर्म भरा" म्हणून परत पाठवतो, हे मी आधी पाहिलेलं आहे. लिहिलं ते असं की वेगवेगळ्या अल्पवयीन मुलींचे तुकडे एकत्र केलेत, थंबनेल अमुक सेकंदाची फ्रेम आहे, कमेंट्समध्ये ठरावीक वेळा लिहिल्यात, त्या या या आहेत. नुसतं "हे घाणेरडं आहे" लिहून भागत नाही, रिपोर्ट बघणाऱ्याला काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो आणि व्हिडिओ वरवर बघितला तर त्याला फक्त व्यायाम करणाऱ्या मुली दिसणार. त्याला कुठे बघायचं ते दाखवावं लागतं. त्या साईटने आधी साचेबद्ध उत्तर पाठवलं की नियमभंग आढळला नाही. आम्ही अपील केलं, त्यात परत तेच मुद्दे, सेकंदासकट, आणि चॅनलवरचे बाकीचे व्हिडिओही त्याच प्रकारचे आहेत हे जोडलं. मग पूर्ण चॅनलच गेलं. बाकीच्या घरांतल्या त्या मुलींचे व्हिडिओही त्याबरोबर गेले, ज्यांच्या आईवडिलांना बहुतेक कधी कळणारही नाही.

यूट्यूबवरच्या जशाच्या तशा कॉपींसाठी मात्र कॉपीराइटच वापरला, कारण तिथे हेतू सरळ सरळ व्ह्यूज गोळा करायचा दिसत होता आणि चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, बसणं महत्त्वाचं होतं. पण तक्रार मी अधिकृत प्रतिनिधी म्हणून भरली, आईकडून लेखी अधिकार घेऊन, माझा पत्ता, माझा फोन, आणि या कामापुरता काढलेला वेगळा ईमेल. हक्क असणाऱ्याचं नाव तरी द्यावंच लागतं, तिथे घरात चर्चा झाली. बरेचसे सरावाचे व्हिडिओ मामाने शूट केलेले होते, त्याचं आडनाव वेगळं, त्यामुळे त्याचा हक्क असलेले व्हिडिओ त्याच्या नावाने आधी घेतले. हे कागदोपत्री अगदी खरं होतं म्हणून केलं, खोटं नाव टाकायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही, तक्रार करण्याचा अधिकार असल्याचं तिथे शपथेवर लिहून द्यावं लागतं आणि खोटं निघालं तर ते आपल्याच अंगाशी येतं.

त्या फॉर्ममध्ये एक पर्याय असतो, समोरच्याला सात दिवस द्यायचे, त्या काळात त्याने स्वतः काढला तर स्ट्राइक नाही. दोन क्रिएटर्समधल्या गैरसमजासाठी तो पर्याय चांगला आहे. मुलांच्या व्हिडिओत तो देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, सात दिवस म्हणजे सात दिवसांच्या डाउनलोड्स. लगेच काढा हेच निवडायचं, आणि त्याच फॉर्मवर या व्हिडिओच्या कॉपी पुढे चढू नयेत असा एक टिक असतो तोही लावायचा. नव्वद दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होतं, त्यामुळे वेगवेगळ्या व्हिडिओंच्या तक्रारी एकाच फॉर्ममध्ये कोंबायच्या की वेगळ्या द्यायच्या हेही आधी ठरवून घ्या.

त्या चॅनलवाल्याचा माझ्या ईमेलवर मेसेज आला. चोर तो चोर वर शिरजोर. म्हणे हा व्हिडिओ फेअर यूजमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय वापरायची सूट असते त्यात, येतो, तक्रार मागे घ्या नाहीतर तुमच्यावरच खोट्या तक्रारीची केस करतो. अशा मेसेजला लोक फार घाबरतात, म्हणून सांगते की त्याच्याकडे खरा उपाय एकच असतो, काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रारीला साईटकडे दिलेली उलट नोटीस. त्यात त्याला स्वतःचं खरं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. त्याने ते दिलं तर मग तक्रार करणाऱ्याने दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो, हा धोका खरा आहे आणि तो आईला आधीच समजावून ठेवला होता. पण ज्याने दहा घरांतल्या मुलांचे व्हिडिओ उचललेत तो स्वतःचं नाव-पत्ता लिहून द्यायला पुढे येत नाही. यानेही दिलं नाही. उत्तर न देता तो मेसेज मी फाईलला जोडून ठेवला.

जो व्हिडिओ आपला नव्हता

सगळ्यात अवघड गेला तो एकच व्हिडिओ, स्पर्धेतला. सगळ्यात जास्त पसरलेलाही तोच. आईच्या चॅनलवर होता, पण शूट केला होता क्लासमधल्या दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी, त्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून आईने घेतला. आता व्हिडिओत लेक आपली असली तरी कॉपीराइट असतो शूट करणाऱ्याचा. आईला हे पटेना. "माझी मुलगी आहे त्यात, माझा हक्क नाही म्हणजे काय?" हक्क आहे, पण तो प्रायव्हसीचा आहे. मुलीच्या वतीने पालक तक्रार करू शकतात, मूल ओळखू येतंय, आमची संमती नाही, एवढं त्यात दाखवावं लागतं. यूट्यूबवर या मार्गात बहुतेक वेळा समोरच्याला अठ्ठेचाळीस तास देतात, त्यामुळे हा थोडा सावकाश चालतो.

मी म्हटलं त्या वडिलांशी आधी बोला. आई कचरत होती, कारण आपणच त्यांना न विचारता तो व्हिडिओ चॅनलवर टाकलेला. शेवटी तिने फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, मी तर तो माझ्या फेसबुकवर पण टाकलाय, पब्लिक आहे, सगळ्या मुलींना टॅग केलंय." म्हणजे चोराने तो आईच्या चॅनलवरून घेतला की यांच्या फेसबुकवरून, हेच ठरवता येणार नव्हतं. माणूस भला होता, त्याच रात्री त्यांनी पोस्ट काढून टाकली, आणि मला लेखी अधिकार दिला, मग त्या व्हिडिओवर दोन्ही मार्ग एकदम वापरता आले. स्पर्धा, गॅदरिंग, वाढदिवस, जिथे जिथे दुसऱ्याच्या फोनमध्ये आपलं मूल आहे तिथे ही अडचण येतेच, आणि घरातलं चॅनल कितीही नीट सांभाळलं तरी हा दरवाजा उघडा राहतो.

बॅकग्राउंडला गाणं असेल तर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गाणं आपलं नाही पण दृश्य आपलं आहे, तेवढ्या दृश्यापुरती तक्रार करता येते, फॉर्ममध्ये तसं नीट लिहायचं.

बाहेरच्या वेबसाईट्स

यातल्या काही आम्ही एका मिनिटात बंद केल्या आणि आईचा विश्वासच बसेना. नीट बघितलं तर त्यांनी व्हिडिओ चोरून स्वतःकडे ठेवलेलाच नव्हता, आईच्याच यूट्यूब व्हिडिओला त्यांच्या पानावर एम्बेड केलं होतं, म्हणजे यूट्यूबवरचाच व्हिडिओ तिथे दिसेल असं जोडलं होतं. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एम्बेडिंगला परवानगी अशी एक टिक असते, ती काढली की बाहेरच्या पानावर व्हिडिओ चालणं बंद होतं. कुणाला नोटीस नाही, नाव देणं नाही. म्हणून बाहेरच्या साईटवर व्हिडिओ दिसला की आधी त्यावर राइट क्लिक करून तो यूट्यूबचाच प्लेयर आहे का ते बघावं.

एका साईटने मात्र फाईल स्वतःकडे ठेवलेली होती. तिथे तक्रारीचा फॉर्म नाही, ईमेल नाही. अशा वेळी साईटला विचारत बसण्यापेक्षा ती जिच्या सर्व्हरवर ठेवलेली आहे त्या कंपनीला, म्हणजे होस्टला, नोटीस पाठवतात, ती कंपनी कोणती हे साईटच्या आयपी पत्त्यावरून हूइज या नोंदी दाखवणाऱ्या सेवेत बघायचं. बऱ्याच साईट्स क्लाउडफ्लेअर या मध्ये बसणाऱ्या सेवेच्या मागे असतात, त्यामुळे खरा होस्ट दिसत नाही, तिथे तक्रार केली तर ते होस्ट कोण आहे ते कळवतात आणि तक्रार पुढे पाठवतात, म्हणजे तिथेही आपलं नाव पुढे जाऊ शकतं हे धरूनच चालायचं, म्हणून परत प्रतिनिधी. पहिल्या होस्टने काही केलं नाही. मग दुसरी बाजू धरली, फाईल तिथे पडून राहिली तरी लोकांना ती सापडू नये. गुगलने २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांची चित्रं सर्चच्या निकालातून काढायची विनंती करायची सोय ठेवलीय, मूल स्वतः किंवा पालक करू शकतात, आणि त्यात कॉपीराइट कोणाचा हा प्रश्नच येत नाही. तिथून थंबनेल्स गेले. फाईल त्या साईटवर अजून असेल, पण नाव किंवा फोटो टाकून शोधणाऱ्याला ती गुगलवर येत नाही.

एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेची टेक इट डाउन नावाचीही एक सेवा आहे, त्यात फाईल कुठे पाठवावी लागत नाही, आपल्याच फोनवर तिचा हॅश, म्हणजे एक डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी साईट्स तो जुळवून बघतात. ती अल्पवयीन मुलांच्या नग्न किंवा लैंगिक चित्रांसाठीच आहे, त्यामुळे आम्हाला लागली नाही, पण कुणाला लागली तर ती आहे हे माहीत असावं.

चॅनलचं काय केलं

बंद करून टाका, असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं. आईचंही तेच होत आलं होतं. मी एवढंच सुचवलं की एकदा मुलीला विचारा. फ्रान्समध्ये २०२० च्या कायद्याने मुलांना आपले व्हिडिओ काढून टाका असं साईटला थेट सांगायचा हक्क दिलाय, आईवडिलांच्या परवानगीशिवाय, आणि २०२४ च्या कायद्यात मुलाचे फोटो-व्हिडिओ टाकायचे का नाही या निर्णयात वयाप्रमाणे त्यालाही घ्यावं असं लिहिलंय. कायदा आपल्याला लागू असो नसो, विचारायला काय हरकत आहे.

तिला कमेंट्सबद्दल काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की काही लोकांनी न विचारता आपले व्हिडिओ घेतले. ती आईच्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेक व्हिडिओ बघत गेली. कागदाचा बेडूक, हा राहू दे. गोष्ट, ही पण राहू दे. सरावाचे आले तर म्हणाली, हे फक्त आजीसाठी ठेव. आणि एका व्हिडिओवर थांबून म्हणाली की हा मला तेव्हाच नको होता, मी यात पडलेय आणि सगळे हसतायत. तो व्हिडिओ दोन वर्षं तिथे होता. आईला तो गोड वाटायचा.

तर सरावाचे सगळे व्हिडिओ प्रायव्हेट केले. अनलिस्टेड नाही. हा फरक खूप जणांना माहीत नसतो, अनलिस्टेड म्हणजे लिंक ज्याच्याकडे आहे तो कुणीही बघू शकतो, पुढे पाठवू शकतो, कुणी पब्लिक प्लेलिस्टमध्ये टाकला तर अनोळखी माणसालाही दिसतो. प्रायव्हेटला ज्यांचे ईमेल आपण टाकू तेच बघतात. आजोबांना लॉग-इन करायला शिकवावं लागलं, तेवढा त्रास झाला.

राहिलेल्या व्हिडिओंवर एम्बेडिंग बंद, आणि "मुलांसाठी बनवलेला" ही सेटिंग तिच्या क्राफ्टच्या व्हिडिओंना लागू होतीच, त्याने कमेंट्स आपोआप बंद होतात. टायटलमधून वय काढलं, "९ वर्षांची मुलगी" असं लिहिलेलं टायटल चुकीच्या माणसांना शोधायला सोपं जातं. वॉटरमार्क कोपऱ्यात होता, तो चोराने झूम करून कापलेला, आता तो फ्रेमच्या मध्याजवळ फिकट असतो आणि व्हिडिओभर जागा बदलतो, त्यात चॅनलचं नाव असतं, मुलीचं नाही. नवीन व्हिडिओ वरून शूट करतात, हात आणि टेबल दिसतं, चेहरा नाही, आणि खरं सांगायचं तर क्राफ्ट असंच जास्त नीट दिसतं. शाळेचा युनिफॉर्म, खिडकीबाहेरची पाटी, मागून कुणीतरी पूर्ण नावाने मारलेली हाक, हे सगळं अपलोड करायच्या आधी आवाज चालू ठेवून एकदा बघतात. नातेवाईकांना मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवणं बंद केलं, तशी पाठवली की त्यात लोकेशनची माहिती राहू शकते.

यातल्या कशानेही कॉपी करणं अशक्य होत नाही, स्क्रीन रेकॉर्डिंग कुणीही करू शकतं. पण पब्लिक जागेवर जे उरलंय ते गेलं तरी त्यातून मुलीपर्यंत पोचता येत नाही, एवढं साधलं.

आता सध्याची स्थिती. यूट्यूबवरचं ते चॅनल बंद झालं. संकलन करणारा त्या दुसऱ्या साईटवर नव्या नावाने परत आला होता, जुन्या रिपोर्टचा संदर्भ, जुनं चॅनल आणि तीच थंबनेलची पद्धत दाखवल्यावर या वेळी अपील करावं लागलं नाही. आई महिन्यातून एकदा त्याच ठरावीक फ्रेम टाकून शोध घेते, त्याची एक शीट केलीय, लिंक, तारीख, कुठला मार्ग, काय उत्तर आलं. पालकांच्या ग्रुपमध्ये ठरलंय की दुसऱ्याच्या मुलीचा व्हिडिओ ग्रुपच्या बाहेर टाकायचा तर तिच्या घरी विचारायचं, दोन-तीन जणांनी कुरकुर केली पण मान्य केलं. स्पर्धेच्या आयोजकांनाही पत्र गेलंय की प्रवेशाच्या फॉर्मवर चित्रीकरणाच्या संमतीचा वेगळा रकाना ठेवा, त्याचं उत्तर आलेलं नाही. आणि ती बाहेरची साईट होस्ट बदलून दुसरीकडे गेलीय, नव्या होस्टला नोटीस तयार आहे, मामाची सही आली की पाठवते.